मक्केतली अंधारी खोली

आपल्याकडच्या मुस्लिम घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर काबाशरीफचे चित्र असतेच. एका बाजूला काबा, दुसऱ्या बाजूला मदिनेचा हिरवा घुमट आणि मध्ये एखादी आयत. आजोबा हजला गेले होते तेव्हा आणलेले, कुणी भेट दिलेले किंवा उरुसातल्या दुकानातून घेतलेले. या जागांचे पहिले फोटो कुणी काढले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विचारला तर ‘कुणीतरी इंग्रजाने काढले असतील’ असे उत्तर येते.

हे उत्तर चूक आहे. मदिना आणि मक्केचे पहिले ज्ञात फोटो एका इजिप्शियन मुसलमान अधिकाऱ्याने काढले. मक्केत राहून फोटो काढणारा पहिला ज्ञात मक्कावासी हा तिथलाच एक तबीब, म्हणजे हकीम-डॉक्टर होता. त्याने आपल्या घरात काचा धुतल्या, ठसे काढले आणि त्यावर अरबीत आपले नावही लिहिले. पुढे युरोपात ते फोटो पुस्तकरूपाने छापले गेले, तेव्हा हे नाव त्यावरून काढून टाकलेले होते. हा लेख त्या डॉक्टरविषयी आहे आणि ज्या अंधाऱ्या खोलीत त्याने हे काम केले त्या खोलीविषयीही.

‘बैत’ आणि ‘कमरा’

सोशल मीडियावर एक दावा वारंवार फिरतो. ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘क़मरा’वरून आला आणि कॅमेऱ्याचा शोध इब्न अल-हैसम यांनी लावला, असा तो दावा आहे. भाषा शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, यातला पहिला भाग खरा नाही. कॅमेरा हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ कमानीचे छत असलेली खोली. तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आला आणि उर्दू-हिंदीत ‘कमरा’ झाला. आपला कमरा आणि कॅमेरा ही सख्खी भावंडे आहेत. दोन्हींचा अर्थ खोली.

दुसरा भागही ओढूनताणून मोठा करण्याची गरज नाही. लहान छिद्रातून आलेल्या प्रकाशामुळे समोर प्रतिमा उमटते, हे चिनी आणि ग्रीक विद्वानांनी त्याआधीच नोंदवले होते. इब्न अल-हैसम (जन्म ९६५, बसरा) यांचे मोठेपण वेगळे आहे. त्यांनी ‘अल-बैत अल-मुज़लिम’, म्हणजे अंधारे घर, ही प्रयोगाची जागा केली. समोर दिवे मांडले, छिद्र उघडले, एकेक दिवा झाकला आणि भिंतीवरचा कोणता ठिपका नाहीसा होतो ते पाहिले. त्यावरून प्रकाश सरळ रेषेत जातो आणि अनेक दिव्यांचे किरण छिद्रात एकत्र आले तरी एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. कैरोत लिहिलेला त्यांचा ‘किताब अल-मनाज़िर’ सात भागांचा आहे. त्याचा लॅटिन अनुवाद १५७२ मध्ये बाझल इथे छापला गेला आणि युरोपातल्या प्रकाशशास्त्राला तो अनेक वर्षे आधार देत राहिला. अभिमान बाळगायचाच असेल तर या पद्धतीचा बाळगावा. त्यासाठी खोट्या व्युत्पत्तीची गरज पडत नाही.

इब्न अल-हैसम यांच्या खोलीत प्रतिमा दिसत होती, पण टिकत नव्हती. छिद्र बंद केले की भिंत पुन्हा कोरी. ती प्रतिमा कायम धरून ठेवायला आणखी आठ शतके जावी लागली. त्यासाठी लागली चांदी, आणि पुन्हा एकदा अंधारी खोली.

तंबूतला अंधार

चांदीच्या काही क्षारांवर प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो. हा बदल सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. योग्य रसायनात बुडवल्यावर प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी होते आणि प्रतिमा उमटते. हे रसायन म्हणजे डेव्हलपर. प्रकाश न लागलेले क्षार मात्र अजून तसेच असतात. ते काढून टाकले नाहीत तर उजेडात आल्यावर सगळे काळे पडेल. ते विरघळवून काढणारे रसायन म्हणजे हायपो. प्रतिमा काढणे, उमटवणे आणि टिकवणे अशा तीन पायऱ्या. त्यातली उमटवण्याची पायरी, आणि टिकवण्याची सुरुवात, अंधारात करावी लागते.

१८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव पसरायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि काच सुकायच्या आत धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत. उन्हाच्या प्रदेशात त्याहूनही लवकर. त्यामुळे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याची डार्करूम सोबत न्यावी लागे. काळ्या कापडाचा तंबू, काचांच्या पेट्या, बाटल्या आणि पाणी.

हे सगळे घेऊन १८६१ मध्ये मुहम्मद सादिक बे हिजाजमध्ये गेले. ते इजिप्तच्या सैन्यातले अभियंते होते आणि पॅरिसला शिकलेले होते. अल-वज्ह बंदरापासून मदिनेपर्यंतच्या मार्गाची मोजणी हे त्यांचे काम होते. त्या प्रवासात त्यांनी मस्जिदे नबवी आणि मदिना शहराचे फोटो घेतले. ते मदिनेचे पहिले फोटो मानले जातात. १८८० मध्ये इजिप्तहून जाणाऱ्या महमलच्या काफिल्याचे खजिनदार म्हणून ते पुन्हा गेले आणि या वेळी मक्का, हरम आणि काबा यांचे फोटो घेऊन आले. १८८१ मध्ये व्हेनिस इथल्या भूगोल प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. एक लष्करी अधिकारी, हाजींच्या गर्दीत, वाळवंटाच्या उन्हात, ओली काच सुकायच्या आत तंबूत शिरून काम करतो आहे. ते फोटो पाहताना हे कष्टही पाहावेत.

डार्करूम घरात आली

सादिक बे तंबू घेऊन फिरत होते, त्याच काळात फोटोग्राफी बदलत होती. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली. १८८० च्या आसपास जिलेटिनच्या कोरड्या काचा कारखान्यात तयार होऊन पेटीबंद मिळू लागल्या. आज काढलेला फोटो आता आठवड्यानंतरही धुता येत होता. तंबूची गरज संपली. अंधार फोटोग्राफरच्या मागे फिरायचा थांबला आणि घरातल्या एका खोलीत स्थिर झाला. घरगुती डार्करूमचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

मक्केतली अशी खोली १८८५ मधली. क्रिस्तियान स्नूक हुरग्रोन्ये हा तरुण डच विद्वान १८८४ मध्ये जेद्दाला आला. त्याने इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले आणि अब्दुल गफ्फार हे नाव घेतले. हे धर्मांतर मनापासूनचे होते की मक्केत शिरण्याची वाट होती, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. फेब्रुवारी १८८५ मध्ये तो मक्केत पोहोचला. त्याच्या सामानात कॅमेरा होता.

मक्केत त्याची गाठ एका डॉक्टराशी पडली. योगायोग असा की त्यांचेही नाव सय्यद अब्दुल गफ्फार. हे गृहस्थ केवळ नाडी पाहणारे हकीम नव्हते. घड्याळे आणि बंदुका दुरुस्त करणे, सुगंधी तेले काढणे, धातूला सोन्याचांदीचा मुलामा देणे असे नाना उद्योग त्यांच्या हाताखाली चालत. फोटोग्राफीला अगदी असेच हात लागतात. थेंब मोजण्याची सवय, ऊर्ध्वपातनाची समज, चांदीच्या क्षारांची ओळख आणि धीर. डॉक्टरांच्या घरात छोटा स्टुडिओ उभा राहिला. स्नूकने त्यांना कॅमेरा वापरायला शिकवले.

ऑगस्ट १८८५ मध्ये स्नूकला अचानक मक्का सोडावी लागली. तैमा इथल्या एका प्राचीन शिलालेखाच्या मागे तो आहे, अशी बातमी फ्रेंच उपवाणिज्यदूताकडून वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली आणि उस्मानी अधिकाऱ्यांनी त्याला बाहेर काढले. कॅमेरा मागे राहिला, आणि कॅमेऱ्याचा मालक गेल्यावर डॉक्टरांचे खरे काम सुरू झाले.

त्या खोलीत काय लागत असेल

त्या खोलीचे वर्णन आपल्यासमोर नाही, पण त्या काळच्या कोरड्या काचेला काय हवे असे ते नक्की सांगता येते. म्हणून ती खोली मनाने उभी करता येते.

पहिली गोष्ट अंधार. पण तो काळा कुट्ट नको. त्या वेळच्या साध्या काचांना निळा-जांभळा प्रकाश कळायचा, लाल कळत नसे. म्हणून लाल काचेच्या कंदिलात काम करता येई. डार्करूम म्हटले की डोळ्यांसमोर येणारा लाल दिवा तिथला आहे.

दुसरी गोष्ट पाणी, आणि मक्केत सगळ्यात कठीण तीच. शहराचे पाणी ऐन ज़ुबैदाच्या कालव्यातून येई. खलिफा हारून अल-रशीद यांच्या पत्नी ज़ुबैदा यांच्या नावाचा हा कालवा. तिथून भिश्ती मशकीतून घरोघर पाणी पोहोचवत. फोटोची काच हायपोनंतर भरपूर धुवावी लागते. हायपो राहिला तर काही वर्षांत प्रतिमा पिवळी पडून उडते. म्हणजे एकेका काचेमागे मशकीतले पाणी खर्ची पडत होते.

तिसरी गोष्ट उष्णता. जिलेटिन म्हणजे हाडे-कातड्यांतून काढलेला सरस. पाणी तीस अंशांच्या वर गेले की तो फुगतो, मऊ होतो आणि काचेच्या कडेने सुटू लागतो. हिंदुस्थानातल्या फोटोग्राफरांनाही हीच डोकेदुखी होती. उपाय ठरलेले होते. रात्री उशिरा किंवा फजरच्या आधी काम करायचे, पाणी मातीच्या भांड्यात थंड करायचे आणि काचेला तुरटीचे पाणी द्यायचे. तुरटीने सरस घट्ट होतो.

चौथी गोष्ट ऊन. ते मक्केत मुबलक होते. त्या काळी कागदावर ठसा काढायला विजेचा दिवा लागत नसे. काच आणि कागद एका चौकटीत दाबून छतावर उन्हात ठेवत आणि प्रतिमा हळूहळू डोळ्यांदेखत उमटे.

अशा घरात डॉक्टरांनी पुढची काही वर्षे काम केले. भरलेल्या हरममधील नमाज, शहराची दृश्ये, मक्केचे शरीफ औन अल-रफ़ीक़, देशोदेशींचे हाजी. ही माणसे कॅमेऱ्याकडे पाहतात तेव्हा त्यांच्या नजरेत परक्याला पाहिल्याचा ताण कमी दिसतो. समोर त्यांचा डॉक्टर उभा होता.

पुसलेली सही

डॉक्टर आपल्या निगेटिव्हवर सही करत. मक्केचे तबीब सय्यद अब्दुल गफ्फार यांची फोटोग्राफी, अशा अर्थाची ती अरबी ओळ. निगेटिव्हवरची अक्षरे कागदावर उलटी येतात, म्हणून ती आधी उलटी लिहावी लागतात. हे घाईत उरकायचे काम नाही. ज्याला आपले नाव राहावे असे वाटते तोच ते करतो.

हे ठसे जेद्दाच्या डच वकिलातीमार्फत नेदरलँड्सला स्नूककडे जात. १८८८ मध्ये स्नूकचा चित्रसंग्रह आला आणि १८८९ मध्ये लायडनहून ‘बिल्डर आउस मेका’, म्हणजे ‘मक्केतील चित्रे’, हे पुस्तक निघाले. या दुसऱ्या पुस्तकातले फोटो मुख्यतः डॉक्टरांचे होते. त्यांच्याविषयी ‘डॉक्टर’ एवढाच उल्लेख उरला. मुखपृष्ठावर नाव स्नूकचे आणि छापलेल्या चित्रांतून सही गायब. जवळजवळ शंभर वर्षे हे फोटो स्नूकचेच समजले गेले. सहीसह राहिलेले मूळ ठसे आणि पुस्तकातली पाने शेजारी ठेवून पाहिली तेव्हा अभ्यासकांच्या हे लक्षात आले. दोघांचे नाव अब्दुल गफ्फार असल्याने गोंधळात भरच पडली होती.

स्नूकची बाजूही सांगितली पाहिजे. कॅमेरा त्याचा होता, शिकवले त्याने, आणि त्याने जपले नसते तर हे फोटो कदाचित आपल्यापर्यंत आलेच नसते. त्याचा मक्केवरचा ग्रंथ आजही महत्त्वाचा आहे. पण हेही खरे की पुढे हाच विद्वान आचेच्या मुसलमानांविरुद्धच्या युद्धात डच सरकारचा सल्लागार झाला. ज्ञान गोळा करणारा एक, ज्याच्याकडून गोळा झाले तो दुसरा, आणि नाव पहिल्याचे. वसाहतकाळातल्या अनेक पुस्तकांची हीच गोष्ट आहे. आपल्याकडचे मुन्शी, पंडित, शास्त्री आणि नकाशे काढणारे कारकून यांचीही यादी करावी. किती नावे सापडतात ते पाहावे.

अरबीत ‘ज़ुल्मत’ म्हणजे अंधार आणि ‘ज़ुल्म’ म्हणजे अन्याय. दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. ‘अल-बैत अल-मुज़लिम’मधला ‘मुज़लिम’ही त्यातलाच. मुलांना हे सांगताना मी डॉक्टरांचे उदाहरण देतो. ज्या अंधारात प्रतिमा उमटते तो अंधार उपयोगाचा. ज्या अंधारात काम करणाऱ्याचे नाव बुडते तो ज़ुल्म.

सावलीला थांबवणे

इथे काही वाचक विचारतील, तस्वीर काढणे जायज कसे? हा वाद फोटोग्राफीइतकाच जुना आहे आणि तो इथे सोडवण्याचा माझा विचार नाही. उलेमांमध्ये दोन्ही मते आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बख़ीत अल-मुतीई यांनी या विषयावर एक रिसाला लिहिला. फोटो म्हणजे नवे रूप घडवणे नाही, अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची सावली अडवून ठेवणे आहे, ‘हब्स अल-ज़िल्ल’ आहे, असे त्यांनी मांडले. १८३९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी कागदावरच्या फोटोग्राफीची घोषणा केली, तेव्हा त्यांनीही तिला सावली पक्की करण्याची कला म्हटले होते. एक फ़िक़्हच्या वाटेने आला, दुसरा रसायनाच्या. डार्करूममध्ये हायपोचा ट्रे नेमके हेच काम करतो.

विशेष म्हणजे हा वाद चालू असतानाच मक्केचे फोटो हिंदुस्थानात येत होते. दिल्लीच्या चांदनी चौकातील एच. ए. मिर्झा अँड सन्स या फोटोग्राफरांनी १९०७ च्या सुमारास हजचे फोटो काढून विकले. हाजींची जहाजे मुंबईहून सुटत. कोकणातले, दख्खनचे, बंगालचे हाजी त्याच बंदरात गोळा होत.

आपल्या घरातली अंधारी खोली

आज कृष्णधवल फिल्म पुन्हा मिळू लागली आहे आणि ती घरी धुणे डॉक्टरांच्या काळापेक्षा फार सोपे आहे. विज्ञानाच्या तासाला रासायनिक बदल शिकवायला याहून चांगला प्रयोग नाही.

वेगळी खोली नसली तरी चालते. खिडकी नसलेली मोरी किंवा न्हाणीघर पुरते. दाराच्या खालच्या फटीला जाड टॉवेल लावावा, चावीच्या भोकावर काळी पट्टी चिकटवावी आणि आत पाच मिनिटे उभे राहावे. डोळे सरावल्यावर स्वतःचा हात दिसू लागला तर अंधार अपुरा आहे. एक गैरसमज इथेच दूर करावा. लाल दिवा फोटोच्या कागदासाठी चालतो, आजच्या नेहमीच्या फिल्मसाठी नाही. ही फिल्म लाल प्रकाशही ओळखते. तिला पूर्ण अंधार हवा.

हा अंधार काही मिनिटेच लागतो. फिल्म डब्यातून काढून प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळायची आणि रीळ टाकीत ठेवून झाकण लावायचे. आधी एखादी वाया गेलेली फिल्म घेऊन उजेडात डोळे मिटून सराव करावा. टाकी बंद झाली की दिवा लावा. पुढचे सगळे उजेडात.

डेव्हलपर सर्वसाधारणपणे २० अंश सेल्सिअसला वापरतात. उदाहरणार्थ, इल्फर्ड एचपी ५ प्लस फिल्मला पातळ न केलेल्या डी-७६ मध्ये या तापमानाला साडेसात मिनिटे लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी तीसच्या पुढे जाते. माठाचे पाणी घ्यावे आणि बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तापमान जास्त असेल तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे वेळ कमी करावा. मग साध्या पाण्याने एकदा खळबळून फिक्सर. शेवटी धुणे. पाण्याची टंचाई असलेल्या गावांसाठी इल्फर्डची पद्धत उत्तम आहे. टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटी-सुलटी करून ओतायची, नव्या पाण्यात दहा वेळा आणि मग पुन्हा नव्या पाण्यात वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात काम होते. हातमोजे घालावेत, खिडकी-दार उघडून हवा खेळू द्यावी आणि रसायनांची भांडी स्वयंपाकात परत नेऊ नयेत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत किंवा झाडाच्या मुळाशी न ओतता वेगळा साठवावा.

फिल्म वाळली की एक काम राहते आणि ते सहसा कुणी करत नाही. निगेटिव्हच्या पाकिटावर तारीख, जागा, फोटोतल्या माणसांची नावे आणि फोटो काढणाऱ्याचे नाव लिहायचे. जुन्या ठशांच्या मागे लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आपल्या तालुक्याच्या गावांत एकेकाळी प्रत्येक बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागे पडदा लावलेली एक अंधारी खोली होती. लग्ने, अक़ीके, शाळेचे गट, पासपोर्टचे चेहरे, सगळे तिथेच उमटले. त्यांतले बरेच स्टुडिओ बंद झाले. निगेटिव्हची खोकी माळ्यावर आहेत किंवा रद्दीत गेली. मराठी मुसलमानांचा लिखित इतिहास आधीच तोकडा आहे. त्या खोक्यांत आपले कपडे, घरे, चेहरे आणि उत्सव आहेत, पण कुणाचे, कधीचे आणि कुणी टिपलेले, हे सांगणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत. या रमज़ानच्या सुट्टीत घरातले जुने अल्बम काढा, नानी-दादींजवळ बसा आणि एकेका फोटोमागे नाव लिहा. फोटो काढणाऱ्या चाचांचे नाव आठवत असेल तर तेही लिहा.